गणिताच्या बाईंना पत्र

पुणे,
रविवार

प्रिय कुंदा,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. गुडघे, मुलाची बदली, दुपारी डुलक्या आणि रात्री टक्क डोळे, सगळं कळलं. पण शेवटी जे पुटपुटलीस, "आता माझं कुणाचं काय अडतंय?", त्यावर फोनवर वाद घातला असता तर तू लोणच्याच्या कैऱ्यांवर गेली असतीस. म्हणून कागद घेतला. आता मुकाट्यानं वाच.

मी आठवड्यातून दोन सकाळी एका कॉलेजात दृष्टिहीन मुलांना वाचून दाखवते, एवढंच तुला माहीत आहे. मागे तू म्हणाली होतीस, आता फोनच सगळं वाचतो, तुम्ही कशाला हव्यात? वाचतो, खरंय. ही मुलं तो इतक्या वेगात लावून ऐकतात की आपल्याला एक शब्द लागायचा नाही. पण सरांच्या नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, तीही तिरकी, मार्जिनमध्ये पेनानं खरडलेलं. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात असला की फोन काहीतरी बरळायला लागतो. आणि आकृती आली की मिठाची गुळणी! परवा अर्थशास्त्रातला मागणी वक्र आला. मी मुलीच्या तळहातावर बोटानं एक उभी रेघ ओढली, एक आडवी. इथे किंमत, इथे नग. मग वरून खाली उतरती रेघ. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग काकू, पुरवठ्याची अशी चढत जाणार ना?" आणि स्वतःच्याच हातावर तिनं ती काढून दाखवली. बँकेत इतकी वर्षं कर्जाच्या फायली पाहिल्या, पण असा आनंद कुठल्या मंजुरीत मिळाला नव्हता.

परीक्षेत लेखनिक म्हणून मात्र आपण सहसा चालत नाही. केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे उमेदवारानं स्वतःचा लेखनिक आणला तर तो शिक्षणानं उमेदवारापेक्षा खालचा हवा. बरोबरच आहे, नाहीतर उत्तर कुणाचं हा प्रश्न यायचा. तिथे आपली डिग्री आडवी येते. वाचायला आणि शिकवायला मात्र तीच कामी येते.

आता खरा मुद्दा, आणि तो तुझा आहे. गणित. इथे भल्याभल्यांची फे फे उडते. वाचणारा सहज म्हणून जातो, "अ अधिक ब चा वर्ग". ऐकणाऱ्यानं काय समजायचं? नुसत्या ब चा वर्ग, की दोघांच्या बेरजेचा? "कंस सुरू, अ अधिक ब, कंस पूर्ण, पूर्ण कंसाचा वर्ग" असंच म्हणावं लागतं, दर वेळी, न कंटाळता. अपूर्णांकात अंश कुठे संपला आणि छेद कुठे सुरू झाला, तेही सांगावं लागतं. हे मला आत्ता कुठे जमतंय. तू फळ्याकडे पाठ करून, वर्गावर डोळे ठेवून समीकरणं बोलायचीस, आठवतं? मग टेलर फ्रेम आहे. अष्टकोनी भोकांची पाटी आणि छोटे छोटे खिळे. खिळा ज्या दिशेला बसवाल त्यावर अंक ठरतो. एका टोकानं आठ चिन्हं, उलटा केला की आणखी आठ. मुलं बोटांनी चाचपून त्यावर उभी बेरीज मांडतात. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तूच डोळ्यांसमोर आलीस. किती हुशार मुलं शाळेतच गणित सोडून देतात, कारण ते बोलून शिकवणारं कुणी भेटत नाही. तेव्हा कुणाचं काय अडतंय, हे तूच सांग.

तुझं पुढचं वाक्य मला पाठ आहे. "जन्मभर राबले, आता फुकट राबू?" तर ऐक. भाच्यानं मला काही अभ्यास वाचायला दिले होते. अमेरिकेत बाल्टिमोरला साठीपुढची माणसं आठवड्याला पंधरा तास सरकारी प्राथमिक शाळांत जाऊन मुलांना वाचायला मदत करायची. तिथे ७०२ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एक शाळेत जाणारा, एक न जाणारा. दोन वर्षांनी त्यांतल्या काही जणांना तपासून पाहिलं तर जाणाऱ्या बायका जास्त चालत होत्या. आणि जाणाऱ्या पुरुषांत मेंदूचा आठवणी सांभाळणारा भाग, जो या वयात आक्रसत जातो, तो उलट किंचित वाढलेला दिसला. हे भावोजींना मोठ्यानं वाचून दाखव. २०२० चा दुसरा एक अभ्यास पन्नाशीपुढच्या जवळजवळ तेरा हजार लोकांचा आहे. त्यात वर्षाला शंभर तास, म्हणजे आठवड्याला साधारण दोन तास, असं बिनपगारी काम करणाऱ्यांमध्ये पुढच्या चार वर्षांत मृत्यूचा आणि हातपाय अडखळण्याचा धोका कमी दिसला. अर्थात धडधाकट माणसंच घराबाहेर पडतात, हेही त्यात थोडंफार असणार. अभ्यासकांनी ते हिशेबात धरलंय म्हणतात, पण मी पडले बँकवाली, मला चिठ्ठ्यांनी गट पाडलेला बाल्टिमोरचा पुरावा जास्त पटतो.

गंमत पुढेच आहे. २०१२ च्या एका अभ्यासात निघालं की लोकांसाठी म्हणून काम करणारे जास्त जगले, आणि आपल्याला बरं वाटावं म्हणून करणारे, न करणाऱ्यांइतकेच! म्हणजे तब्येतीसाठी म्हणून गेलीस तर तब्येतीला फायदा नाही. चित्रगुप्ताला सगळं कळतं बघ.

मला विचारशील तर मेंदूबिंदू नंतर. मला आवडतं ते हे, की ठरलेल्या दिवशी साडेदहाला कुणीतरी माझी वाट बघत असतं. नातवंडंही वाट बघतात, पण ती आजीची. इथे आजी नाही, बायको नाही, सासू नाही. मी अर्थशास्त्र नीट वाचणारी बाई असते. त्या दिवशी साडी इस्त्रीची, डबा बरोबर, आणि रात्री झोप येते.

सगळं गोडच आहे असं नाही. काही ठिकाणी ज्येष्ठ म्हणजे दीपप्रज्वलनाला आणि फोटोला. काही ठिकाणी उलटं, फुकटची बाई मिळाली म्हणून रजिस्टरं लिहायला बसवतात. अशा एका ठिकाणाहून मी सरळ उठून आले. पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं, हे करीन, हे नाही, आणि जिना असेल तर वर्ग तळमजल्यावर घ्या. आणि आठवड्याला एकच दुपार घे. जोशात चार दिवस कबूल करणाऱ्या बायका दिवाळीनंतर दिसत नाहीत, आणि मुलं बिचारी प्रत्येक नव्या आवाजाला पुन्हा पहिल्यापासून सवय करतात.

साताऱ्यात नेमकं कुठे जायचं ते मला इथून सांगता येणार नाही. आधी कॉलेजात विचार, तिथे दृष्टिहीन मुलं आहेत का, आणि त्यांना गणित कोण शिकवतं. तोवर इकडे येऊन चार दिवस राहा. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, तेही कारण नको. एका मुलाला बँकेच्या परीक्षेसाठी शेकडेवारी आणि सरळव्याज हवंय. व्याज मी सांगते, पण तो "असं का?" विचारतो तेव्हा मला तू हवी असतेस.

सातवी-आठवीची तुझी जुनी पुस्तकं माळ्यावर असतील तर घेऊन ये. भावोजींनाही आण. त्यांच्यासाठी काम अजून सापडलेलं नाही, पण त्यांचा आवाज खणखणीत आहे, इतिहास वाचतील.

तुझी,
माई