कटऑफच्या चौकटीत मेरिट क्रमांकही छापा

संपादक महोदय,

अभियांत्रिकीच्या राज्य प्रवेश परीक्षेचा, म्हणजे एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की आपल्या दैनिकासह सगळीकडे ‘सीओईपीचा कटऑफ एवढा, व्हीजेटीआयचा तेवढा’ अशी चौकट येते, म्हणजे पुण्या-मुंबईच्या या नामवंत महाविद्यालयांत शेवटचा प्रवेश कितीवर झाला तो आकडा. तीत फक्त पर्सेंटाइल असतो, म्हणजे शंभरातले किती परीक्षार्थी आपल्या मागे आहेत ते. पालक तो आकडा धरून बसतात आणि मुलाला प्रवेश मिळणार की नाही, याचा निकाल घरीच लावून मोकळे होतात. विनंती अशी की, पर्सेंटाइलशेजारी मेरिट क्रमांक (प्रवेशाच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक), जागेचा प्रकार आणि प्रवेशाची फेरी एवढे तीन तपशील छापावेत. त्यांच्यावाचून नुसता पर्सेंटाइल दिशाभूल करतो.

२०२४ साली पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाची परीक्षा तीन लाखांच्या आसपास मुलांनी दिली, २०२५ साली चार लाखांहून अधिक मुलांनी. ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढे पहिल्या वर्षी सुमारे तीन हजार मुले होती, दुसऱ्या वर्षी चार हजारांच्या वर. नावाजलेल्या महाविद्यालयांतल्या जागा काही परीक्षार्थींच्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणजे गेल्या वर्षी ज्या पर्सेंटाइलवर जागा मिळाली, त्याच पर्सेंटाइलवर यंदा ती हुकू शकते. वरच्या टोकाला तर दशांश चिन्हानंतरचा एकेक आकडा महत्त्वाचा असतो. चार लाख परीक्षार्थी धरले तर ९९.८ आणि ९९.९ यांच्यामध्ये चारशे मुले उभी असतात. सीईटीचा पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत देतात तो उगाच नाही.

मेरिट क्रमांक ही माहिती गुप्त नाही. परीक्षा आणि प्रवेश सांभाळणारा राज्याचा सीईटी कक्ष प्रत्येक फेरीनंतर कटऑफची पीडीएफ प्रसिद्ध करतो. त्यात प्रत्येक चौकोनात वर मेरिट क्रमांक आणि खाली कंसात पर्सेंटाइल असतो. बहुतेक जण कंसातला आकडा वाचतात आणि वरचा सोडून देतात. स्तंभाच्या डोक्यावर ‘जीओपनएस’सारखी अक्षरे असतात. पहिले अक्षर ‘जी’ असेल तर सर्वसाधारण जागा, ‘एल’ असेल तर मुलींसाठी राखीव. मधली अक्षरे प्रवर्गाची. शेवटचे अक्षर ‘एच’ म्हणजे गृह विद्यापीठ (महाविद्यालय ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे तिथेच शिकलेली मुले), ‘ओ’ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरचे, ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. एखाद्या खासगी महाविद्यालयाचा ‘एच’ स्तंभ पाहून नागपूरच्या मुलाने पुण्यातल्या जागेचा अंदाज बांधला, तर तो चुकणारच, कारण त्याची स्पर्धा ‘ओ’ स्तंभात आहे.

आपली शक्यता अजमावायची तर मागच्या तीन वर्षांच्या पीडीएफ उतरवून घ्याव्यात. हव्या त्या शाखेचा, आपल्याला लागू असलेल्या स्तंभातला पहिल्या आणि शेवटच्या फेरीचा मेरिट क्रमांक लिहून काढावा आणि अंतिम गुणवत्ता यादीतला आपला क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावा. पर्सेंटाइलवरून काढलेला अंदाजी क्रमांक इथे चालत नाही. परीक्षा देणारे सगळेच कॅपचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा अर्ज भरत नाहीत, त्यामुळे खरा क्रमांक बराच वेगळा निघतो. आमचा ढोबळ हिशेब असा: शाखा मागच्या वर्षी १०,००० क्रमांकावर बंद झाली असेल आणि आपला क्रमांक ८,००० च्या आत असेल, तर जागा बहुधा मिळते. ८,००० ते १२,००० म्हणजे काठावर. १५,००० च्या पुढे असाल तर नाव लिहावे, भरवसा ठेवू नये. मात्र त्या शाखेची प्रवेशक्षमता बदललेली नाही ना, हे आधी पाहावे. ६० च्या १२० जागा झाल्या असतील तर जुना कटऑफ निरुपयोगी.

खरा घोळ होतो तो पसंतीक्रमात. संगणक मेरिट क्रमांकानुसार एकेका विद्यार्थ्याला घेतो, त्याची यादी वरून खाली तपासत जातो आणि पहिली मोकळी जागा सापडेल ती देतो. वरचे अवघड पर्याय मिळाले नाहीत म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. तरीही ‘हे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकले तरच मिळेल’ हा समज इतका पक्का आहे, की चांगल्या क्रमांकाची मुले सुरक्षित वाटणारा पर्याय सर्वांत वर लिहितात आणि तिथेच अडकतात. २०२५-२६ च्या प्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादी मिळाली की जागा आपोआप पक्की होत असे. चौथ्या फेरीत मिळेल ते अंतिम. अशी पक्की झालेली जागा नाकारणारा पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या सहा ओळी फार जपून भराव्यात. मिळाले तर पुढे काहीच नको, असेच पर्याय तिथे असावेत. ‘ठीक आहे, चालेल’ अशी जागा सातव्या ओळीपासून पुढे. पर्याय ३०० पर्यंत भरता येतात, तेव्हा वीस-पंचवीसवर थांबण्याचे कारण नाही. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय अर्ज निश्चित करू नये.

शुल्कमाफी योजनेची, म्हणजे टीएफडब्ल्यूएसची जागा पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. मंजूर जागांवर आणखी ५ टक्के जागा या योजनेत असतात, कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये. तिचा चॉइस कोड, म्हणजे अर्जात लिहायचा पर्यायाचा क्रमांक, वेगळा असतो, शेवटी ‘टी’ लागतो. पात्र असाल तर आधी ‘टी’चा कोड आणि लगेच खाली त्याच शाखेचा साधा कोड, असे दोन्ही लिहावेत. एकच लिहिला तर दुसरा आपोआप धरला जात नाही.

जे आता बारावीत आहेत, त्यांच्या हातात अजून गुण वाढवणे आहे. पेपर २०० गुणांचा. त्यातले १०० एकट्या गणिताचे: ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, ९० मिनिटे. भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, तेवढ्याच ९० मिनिटांत. म्हणजे गणिताच्या प्रश्नाला १०८ सेकंद आणि बाकीच्यांना ५४. ही गती घरी घड्याळ लावूनच येते, नुसती पुस्तके वाचून नाही. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या निवडक प्रकरणांवर असतात. गणितात ते साधारण १० प्रश्न, २० गुण होतात, आणि अकरावीचे पुस्तक माळ्यावर गेलेले असते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या मिनिटात एकही प्रश्न कोरा सोडू नये. गणिताचे दहा प्रश्न अंदाजाने टिपले तरी चार पर्यायांच्या हिशेबाने सरासरी ५ गुण पदरात पडतात. गुण बरोबरीत आले तर गणिताचा पर्सेंटाइल आधी पाहतात, हेही त्या विषयाला झुकते माप देण्याचे कारण.

कागदपत्रांपायी हातची जागा जाते तेव्हा सर्वांत जास्त वाईट वाटते, कारण ते टाळता येते. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र प्रवेशवर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागते; जुने जोडले तर प्रवर्गाचा लाभ जातो. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करावा. अर्जाच्या पावतीवर प्रवेश मिळाला तरी मुदतीत मूळ प्रमाणपत्र द्यावे लागते. बेळगाव, निपाणीकडच्या सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी ‘ई’ प्रकारची स्वतंत्र तरतूद आहे. तिथल्या वाचकांसाठी आपण तिची माहिती जरूर छापावी, आणि ती अर्ज भरायला सुरुवात होण्याआधी. शेवटच्या तारखेला दाखल्यासाठी धावपळ करून काही हाती लागत नाही.

– एक प्रवेश-मार्गदर्शक, सातारा