यंत्र बसवले, पण चालवतो कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औद्योगिक वायुप्रदूषण रोखणाऱ्या यंत्रसामग्रीची बाजारपेठ वाढत असल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात आणि त्यांत बहुधा विक्रीचेच आकडे असतात. बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांतून धूर गाळणारे यंत्र) आणि स्क्रबर (पाण्याने धूर धुणारे यंत्र) बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी केलेला माणूस म्हणून मला त्या आकड्यांचे फारसे कौतुक वाटत नाही. हा माल गिऱ्हाईक कारखाना चालवायला लागणाऱ्या प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रासाठी घेते, हवेसाठी नव्हे. त्यामुळे नियम जितका कडक, तितकीच मालाची प्रत चांगली.

औष्णिक वीजकेंद्रांचेच पाहा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर 2015 मध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरवून दोन वर्षांची मुदत दिली. चुनखडीच्या साहाय्याने हा वायू शोषून घेणाऱ्या एफजीडी यंत्रणेच्या निविदा निघाल्या, मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली आणि जुलै 2025 मध्ये सुमारे 78 टक्के वीजनिर्मिती संचांना या सक्तीतून वगळण्यात आले. भारतीय कोळशात गंधक कमी असते, हा सरकारचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. पण मग तो 2015 मध्ये का सुचला नाही? ज्यांनी वेळेत पैसे घातले ते पस्तावले, थांबून राहिले ते शहाणे ठरले.

लहान कारखान्यांतही हाच हिशेब चालतो. बॉयलरचा धूर 160-170 अंशांवर बाहेर पडत असताना स्वस्तात मिळतात म्हणून फिल्टरमध्ये पॉलिएस्टरच्या पिशव्या बसवल्या जातात, ज्या साधारण 130 अंशांपर्यंतच तग धरतात. त्या कडक होऊन फाटतात, किंवा राखेने चोंदतात आणि भट्टीतून धूर खेचला जाण्याचा जोर कमी होतो. मग ऑपरेटर बायपासचा डँपर (झडप) उघडतो आणि धूर फिल्टरला वळसा घालून थेट चिमणीत जातो. तपासणीच्या दिवशी डँपर अर्थातच बंद असतो. विक्रीच्या आकड्यांत मात्र हा फिल्टर ‘बसवलेला’ म्हणूनच मोजला जातो.

सुरतेत 2019 पासून कारखान्यांच्या चिमण्यांवर सतत मोजमाप करणारी उपकरणे लावून धूलिकण सोडण्याच्या परवान्यांचा कारखान्यांमधला व्यापार सुरू झाला आणि त्यात सहभागी कारखान्यांचे उत्सर्जन 20 ते 30 टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासात आढळले. तिथे पैसे मोजावे लागतात ते चिमणीतून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या धुळीचे, हा मुख्य फरक.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने संमतिपत्राचे नूतनीकरण करताना निदान तीन गोष्टी मागाव्यात: नव्या पिशव्यांच्या खरेदीची बिले, फिल्टरच्या पंख्याला लावलेल्या स्वतंत्र वीजमीटरची नोंद आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरकाचे रोजचे आकडे. फिल्टर खरोखर चालतो की नाही, ते यांवरून कळेल. यासाठी नवा कायदा लागत नाही. संमतिपत्राच्या अटींतच त्या घालता येतील.

आपला,
एक निवृत्त अभियंता, पुणे