जुन्या पासपोर्टमधला चालू व्हिसा: सूचना मराठीतून द्यावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत विदर्भातल्या खेड्यापाड्यांतील कास्तकारांची मुलेमुली शिकून पुणे, हैदराबाद, बंगळूरमार्गे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचली आणि त्यांच्यामागोमाग, मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांना सांभाळण्यासाठी, ज्यांनी आयुष्यात कधी विमान जवळून पाहिले नव्हते त्या आईवडिलांचेही परदेशी जाणेयेणे सुरू झाले. त्यांपैकी पुष्कळांच्या पहिल्या पासपोर्टची दहा वर्षांची मुदत आता संपत आली आहे. पासपोर्टचे नूतनीकरण पूर्वीच्या मानाने सोपे झाले आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे उघडली गेल्यामुळे प्रत्येक कामासाठी नागपूर गाठण्याची गरज अनेकांना उरलेली नाही. मात्र नवा पासपोर्ट हाती आल्यावर एक प्रश्न हमखास पुढे येतो आणि त्याचे उत्तर आमच्या भागात वारंवार चुकीचे दिले जाते, म्हणून हे पत्र. जुना पासपोर्ट रद्द झाला, पण त्यातल्या व्हिसाची मुदत अजून बाकी आहे, तर तो व्हिसा चालतो की गेला, हा तो प्रश्न.

आमच्या आर्वी तालुक्यातील एका शेतकरी दांपत्याची हकीकत सांगतो. त्यांची मुलगी अमेरिकेत असते आणि तिचे दुसरे बाळंतपण जवळ आले होते. पहिल्या वेळी जाताना दोघांनाही दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा मिळाला होता व त्याची मुदत अजून बरीच शिल्लक होती. पासपोर्टची मात्र संपत आली होती, म्हणून त्यांनी वेळेत नूतनीकरण करून घेतले. नवे पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी आले. तिकीट काढण्यासाठी ते तालुक्याच्या गावी एका एजंटकडे गेले, तेव्हा त्याने जुन्या पासपोर्टचा कातरलेला कोपरा बोटाने दाखवत सांगितले, "काकाजी, हा रद्द झाला, म्हणजे आतला व्हिसाही गेला. आता दोघाईचा नवीन काढा लागते."

नवा व्हिसा काढणे म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या एका वाक्याचा भार कळेल. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाचे अर्जशुल्कच जून २०२३ पासून माणशी १८५ डॉलर आहे आणि ते परत मिळत नाही. शिवाय एजंटचे पैसे, मुलाखतीच्या तारखेसाठी महिनोन्महिने वाट पाहणे, पुलगावहून रात्रभराचा प्रवास करून मुंबई गाठणे, तिथे राहण्याची सोय लावणे हे सगळे आलेच. आणि तेही ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, जेव्हा वावरात मजूर मिळत नाही आणि घरचे एक माणूस हलले तरी काम खोळंबते. इतके करून व्हिसा पुन्हा मिळेलच याचीही खात्री नसते. त्या माउलीच्या चेहऱ्यावर पैशांपेक्षा मुलीच्या बाळंतपणाची तारीख चुकेल ही काळजी अधिक दिसत होती. सुदैवाने मुलीने तिकडे चौकशी केली, अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावरचे उत्तर मला पाठवले आणि मी ते दोघांना मराठीत समजावून सांगितले. दोघेही दोन-दोन पासपोर्ट घेऊन, जुन्याच व्हिसावर, वेळेत मुलीकडे पोहोचले.

ते उत्तर अगदी स्पष्ट आहे. व्हिसाची मुदत बाकी असेल, त्याचे पान फाटलेले किंवा खराब झालेले नसेल आणि ज्या कामासाठी आपण निघालो आहोत त्याच प्रकारचा तो व्हिसा असेल, तर जुना व नवा असे दोन्ही पासपोर्ट सोबत घेऊन अमेरिकेला जाता येते. अट एवढीच की दोन्ही पासपोर्ट एकाच देशाचे आणि एकाच प्रकारचे असावेत. तिथल्या विमानतळावरचा अधिकारी जुन्या पासपोर्टमधला व्हिसा तपासतो आणि प्रवेश द्यायचे ठरले, तर प्रवेशाची नोंद नव्या पासपोर्टवर करतो. कॅनडाचा नियमही असाच आहे. जुन्या पासपोर्टमधला मुदतीतला व्हिसा आणि नवा पासपोर्ट सोबत ठेवून तिथे जाता येते.

असे का, हे समजून घेतले की शंका राहत नाही. पासपोर्ट भारत सरकार देते आणि तेच तो रद्द करते. व्हिसा दुसऱ्या देशाच्या सरकारने दिलेला असतो, तो रद्द करण्याचा अधिकार आपल्या पासपोर्ट कार्यालयाला नाही. तलाठ्याकडे सातबारा नव्याने लिहिला गेला म्हणून त्यावरचा सोसायटीचा बोजा उतरत नाही, तसेच हे आहे. नूतनीकरणाच्या वेळी जुन्या पासपोर्टवर रद्द झाल्याचा शिक्का मारतात व कव्हराचा कोपरा कातरतात, तो केवळ ती पुस्तिका यापुढे प्रवासाचे कागदपत्र म्हणून वापरता येऊ नये एवढ्यासाठी. व्हिसाच्या स्टिकरवरच त्या देशाच्या वकिलातीने रद्द केल्याचा शिक्का मारला असेल, तर मात्र तो व्हिसा खरोखरच संपला.

दोन पुस्तिका एकाच माणसाच्या आहेत हे अधिकाऱ्याला कसे पटते, असेही मला विचारले गेले आहे. आपला नवा पासपोर्ट उघडून शेवटचे पान पाहावे. तिथे आपल्या जुन्या पासपोर्टचा क्रमांक, तो दिल्याची तारीख आणि ठिकाण छापलेले असते. जुन्या पासपोर्टमधल्या व्हिसाच्या स्टिकरवरही तोच जुना क्रमांक असतो. हे दोन क्रमांक एकमेकांशी जुळले की धागा पुरा होतो. म्हणून नवा पासपोर्ट हाती पडताच हा क्रमांक बरोबर छापला आहे की नाही, ते स्वतः चष्मा लावून एकेक आकडा मिळवून पाहावे. चूक असेल तर ती तेव्हाच दुरुस्त करून घेणे सोपे जाते.

खरी काळजी घ्यायची ती जुन्या पुस्तिकेची. नूतनीकरणाला जाताना मूळ जुना पासपोर्ट न्यावाच लागतो, तेव्हा काउंटरवरच्या अधिकाऱ्याला आत चालू व्हिसा असल्याचे आवर्जून सांगावे आणि व्हिसाच्या पानावर कात्री किंवा शिक्का येऊ देऊ नये अशी नम्र विनंती करावी. पासपोर्ट परत हातात आला की तिथून उठण्यापूर्वी ते पान उघडून पाहावे. घरी आल्यावर ही पुस्तिका आता निकामी झाली असे समजून ती माळ्यावरच्या पेटीत किंवा रद्दीच्या गठ्ठ्यात टाकू नये. आमच्याकडच्या मातीच्या भिंतींच्या घरांत वाळवी आणि पावसाळ्यातली ओल कागदाचे काय करते, हे मी सांगायला नको. पुस्तिका हरवली तर तिच्यातला व्हिसाही हरवला असे धरून चालावे, कारण मग नव्या व्हिसासाठी अर्ज करण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही.

याहून गंभीर चूक म्हणजे जुन्या पासपोर्टमधले व्हिसाचे स्टिकर सोडवून नव्यात चिकटवणे. दोन पुस्तिका बाळगण्यापेक्षा हे सोयीचे, असा सल्ला देणारे लोक आहेत आणि तो सल्ला घातक आहे. स्टिकर जागचे हलले की अमेरिकेच्या नियमानुसार तो व्हिसा त्याच क्षणी अवैध ठरतो. दोन्ही पासपोर्ट एकत्र राहावेत म्हणून त्यांना साधे रबर लावावे. स्टेपलरची पिन व्हिसाच्या पानातून जाऊ देऊ नये.

प्रवासाच्या दिवशी होणारा घोटाळा निराळाच असतो. जुना पासपोर्ट बिनकामाचा वाटून तो मोठ्या बॅगेत कपड्यांच्या तळाशी ठेवला जातो, ती बॅग विमान कंपनीच्या पट्ट्यावरून आत निघून जाते आणि मग व्हिसा दाखवा म्हटल्यावर म्हाताऱ्या माणसांची त्रेधा उडते. दोन्ही पासपोर्ट हातातल्या पिशवीतच असले पाहिजेत, आणि काउंटरवर ते मागण्याची वाट न पाहता एकत्रच पुढे करावेत. आवश्यक कागदपत्रे नसलेला प्रवासी नेल्यास विमान कंपनीला दंड होतो, त्यामुळे तिथले कर्मचारी बारकाईने तपासतात, यात त्यांचा दोष नाही. तिकिटाच्या व प्रवासाच्या नोंदींत पासपोर्टचा क्रमांक नव्याचा द्यावा. व्हिसाचा क्रमांक विचारला तर अमेरिकेच्या व्हिसावर खाली उजव्या बाजूला लाल अक्षरांत छापलेला असतो, तो द्यावा.

नूतनीकरण करताना नावात बदल केला असेल, तर मात्र थांबून विचार करावा. आपल्याकडे लग्नानंतर वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते, आडनाव बदलते, कधी इंग्रजी स्पेलिंग दुरुस्त केले जाते. अशा वेळी दोन पुस्तिकांवरची नावे जुळत नाहीत आणि काउंटरवरच खोळंबा होऊ शकतो. विवाहाचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र सोबत ठेवावे, पण त्याआधी त्या देशाच्या वकिलातीला विचारून घ्यावे. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो आणि अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा मिळू शकतो, त्यामुळे मुलांच्या बाबतीत दोन पुस्तिका बाळगण्याची वेळ अधिक लवकर येते, हेही कुटुंबांनी लक्षात ठेवावे.

एका देशाचा नियम दुसऱ्याला लावू नये, हे मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे, कारण अनेक देशांनी आता स्टिकरच बंद केले आहेत. ऑस्ट्रेलियाने ते २०१५ मध्येच बंद केले. तिथला व्हिसा संगणकात पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेला असतो, म्हणून नवा पासपोर्ट मिळताच त्याचा क्रमांक त्यांच्या गृह खात्याला ऑनलाइन कळवावा लागतो. ब्रिटनमध्येही इलेक्ट्रॉनिक व्हिसा आला असून ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी आपल्या ऑनलाइन खात्यात नव्या पासपोर्टची नोंद केली पाहिजे. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून निवासी परवान्याचे स्टिकर लावणे थांबवले आहे. तिकडे कामाला असलेल्या आमच्या तरुणांनी सुट्टीत गावी येऊन पासपोर्ट बदलला, तर परतण्याआधीच मालकामार्फत नवा क्रमांक तिथल्या दप्तरी नोंदवून घ्यावा. ज्याचा व्हिसा स्टिकरचा आहे त्याने जुनी पुस्तिका जपायची आणि ज्याचा संगणकातला आहे त्याने नवा क्रमांक कळवायचा. चिपच्या पासपोर्टबद्दलही येथेच सांगतो, कारण एप्रिल २०२४ मध्ये तो देशात प्रायोगिक पातळीवर सुरू झाला तेव्हा सुरुवातीच्या ठिकाणांत आपले नागपूर होते. नव्या पासपोर्टच्या चिपमध्ये जुना व्हिसा आपोआप उतरत नाही. चिप असो वा नसो, जुनी पुस्तिका सोबत लागतेच.

या सगळ्या गोष्टी संबंधित देशांच्या संकेतस्थळांवर आहेत, परंतु त्या इंग्रजीत आहेत आणि ज्यांना त्यांची गरज आहे ते लोक सातबारा, पीकविमा, पेन्शन यांपलीकडचे कोणतेही काम असले की सेतू केंद्रावर किंवा एजंटवर विसंबून असतात. एजंटने मुद्दाम फसवले असे प्रत्येक वेळी नसते. पुष्कळदा त्यालाच ठाऊक नसते. मात्र त्याच्या अज्ञानाची किंमत एखाद्या कुटुंबाने एका हंगामाच्या कमाईतून का मोजावी?

म्हणून परराष्ट्र मंत्रालयाला माझी विनंती आहे की नूतनीकरण झालेला पासपोर्ट ज्या पाकिटातून स्पीड पोस्टाने घरी येतो, त्याच पाकिटात अर्ध्या पानाची एक मराठी सूचना घालावी. तीत फार काही नको. आत चालू व्हिसा असल्यास जुना पासपोर्ट जपून ठेवा, स्टिकर सोडवू नका, प्रवासात दोन्ही पासपोर्ट हाताशी ठेवा, आणि ऑनलाइन व्हिसा असल्यास नवा क्रमांक त्या देशाला कळवा, एवढी चार वाक्ये मोठ्या अक्षरांत पुरेत. टपाल कार्यालयांतील केंद्रांवर हाच मजकूर भिंतीवर लावता येईल, आणि जुना पासपोर्ट रद्द करण्यापूर्वी अधिकाऱ्याने आपण होऊन "यात चालू व्हिसा आहे का?" एवढे विचारले, तर शिक्का आणि कात्री व्हिसाच्या पानापासून दूर राहील. सेतू केंद्रे जिल्हा प्रशासनाच्या देखरेखीखाली असल्याने तिथे ही सूचना लावण्याचे काम जिल्हाधिकारी कार्यालय वेगळ्या खर्चाशिवाय करू शकेल. दिवाळीनंतर आमच्या भागातून परदेशी जाणाऱ्या आईवडिलांची संख्या वाढते, तेव्हा हे त्यापूर्वी व्हावे अशी अपेक्षा आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापक,
तालुका आर्वी, जिल्हा वर्धा