मीटिंगला जाण्यापूर्वी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगबद्दल परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, गेलो होतो, पण दारातूनच परत आलो." ते सांगताना तुझा आवाज इतका खाली गेला की पुढचे बोलणे मला सुचले नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे. अकरा वर्षांपूर्वी मीही पहिल्या वेळी अर्ध्या जिन्यावरून मागे फिरलो होतो आणि त्याच रात्री पुन्हा प्यायलो होतो. हे मी तुला आजवर सांगितले नव्हते.

आधी एक तातडीची गोष्ट. तू रोज पीत आला आहेस, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय दारू एकदम बंद करू नकोस. शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. तेथे औषधेच लागतात. गटाचे काम त्यानंतरचे.

गट शोधताना माझी जी चूक झाली ती तू करू नयेस. मी एकाच गटावरून सगळ्यांची परीक्षा केली. मला त्या वेळी नैराश्याच्या गोळ्या चालू होत्या, आणि माझ्या पहिल्या मीटिंगमध्ये एका जुन्या सदस्याने मला ठणकावून सांगितले की गोळ्या घेणारा माणूस खरा सोबर, म्हणजे नशामुक्त, नसतो. मी उठलो तो पुढे दीड वर्ष कुठेच गेलो नाही. पुढे कळले की अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (ए.ए.) या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेची स्वतःची भूमिका अगदी उलट आहे: सदस्यांनी डॉक्टर होऊ नये. गट माणसांचा असतो आणि माणसे चुकतात, म्हणून निदान पाच-सहा वेगवेगळ्या मीटिंग पाहिल्याशिवाय मत बनवू नकोस. ए.ए.च्या हेल्पलाइनवर किंवा व्यसनमुक्ती केंद्रात मीटिंगची यादी मिळते. 'ओपन' मीटिंगला कोणीही बसू शकतो, 'क्लोज्ड' मीटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. फी नसते, नाव नोंदवावे लागत नाही, आणि दारू थांबवण्याची इच्छा ही सदस्यत्वाची एकमेव अट आहे. ए.ए.च्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्यांमधला ईश्वर तुला अडेल, मलाही अडला होता. तो अडलाच तर १९९४ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट रिकव्हरीचे गट पाहा, तेथे श्रद्धेऐवजी विचार आणि वर्तन बदलण्याच्या पद्धतींवर भर असतो.

दुसऱ्या गटातली ती संध्याकाळ मात्र मला लख्ख आठवते. माझे हात इतके थरथरत होते की समोरच्या पेल्याला हात लावायची लाज वाटत होती. शेजारच्या वयस्क गृहस्थांनी माझ्याकडे न पाहता तो पेला उचलला, त्यातले अर्धे पाणी स्वतःच्या पेल्यात ओतले आणि अर्धा पेला माझ्यापुढे सरकवला. अर्धा पेला सांडत नाही. हे त्यांना ठाऊक होते, कारण कधीकाळी तेही तसेच बसले होते. घरच्यांनी माझ्यासाठी जिवाचे रान केले होते, तरी इतके नेमके समजून घेणे कोणालाही शक्य नव्हते, कारण त्यांच्यापैकी कोणीही तेथून गेलेले नव्हते.

या चळवळीचा उगमही असाच आहे. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा शेअर दलाल अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन येथील एका हॉटेलात एकटा होता आणि दारूची ओढ असह्य झाली होती. आपल्याला वाचायचे असेल तर बोलायला दुसरा दारुडाच हवा, हे ओळखून त्याने फोनाफोनी केली आणि त्यातून दारूच्याच विळख्यात असलेले डॉ. बॉब स्मिथ भेटले. पंधरा मिनिटे देईन म्हणणारे डॉक्टर काही तास बोलत राहिले. त्यानंतर ते पुन्हा घसरले, हे मुद्दाम सांगतो. त्यांच्या शेवटच्या दारूचा दिवस, १० जून १९३५, हाच ए.ए.चा स्थापनादिन मानतात.

तुला पुरावा हवा असतो, म्हणून एवढेच लिहितो की वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले आणि सातत्याने दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए.कडे वळवणारे पद्धतशीर कार्यक्रम इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

पहिल्या दिवशी बोलण्याची सक्ती नसते. "आज फक्त ऐकतो," एवढे म्हटले तरी पुरते. दहा मिनिटे आधी जा, कारण उशिरा पोहोचले की सगळ्यांच्या माना वळतात आणि पाय मागे घेण्याला निमित्त मिळते. मीटिंग संपल्यावर लगेच निघू नकोस. एका माणसाचा फोन नंबर घे आणि दुसऱ्या दिवशी, गरज नसतानाही, त्याला फोन कर. गरज पडते त्या रात्री अनोळखी नंबर फिरवणे फार जड जाते. स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा गटातला जुना सदस्य, निवडण्याची घाई नको, तो हळूहळू सापडतो.

तुझी आई गेली कित्येक वर्षे अल्-अनॉनला, म्हणजे कुटुंबीयांच्या गटाला जाते. सूनबाईंना यायचे असेल तर ती सोबत नेईल. ते तुझ्या जाण्या-न जाण्यावर अवलंबून नाही.

मी तुझ्या मीटिंगला बसणार नाही. वडील समोर असताना तुला मोकळे बोलता येणार नाही, आणि तेथे तू बोललेले मला कळण्याचे कारणही नाही. मात्र गुरुवारी पावणेसातला मी त्या इमारतीखाली उभा असेन. अर्ध्या जिन्यापर्यंत सोबत येईन. तेथून वर तू जा.

तुझा,
बाबा