जहाजाच्या यादीतील एक शब्द

ट्रॅली, काउंटी केरी, आयर्लंड
9 नोव्हेंबर 2025

प्रिय सुलभा,
सप्रेम नमस्कार.

तुझी तीन पत्रे माझ्या टेबलावर पडून आहेत आणि त्यांतील एकालाही मी उत्तर दिलेले नाही, याची टोचणी घेऊनच आज लिहायला बसले आहे. आमची प्रकृती ठीक आहे. डोनलचा रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे, माझा गुडघा थंडीत दुखतो, एवढेच. लिहायचे आहे ते वेगळेच. गेल्या मंगळवारी माझ्या हाती असे काही लागले आहे की ते इथे कोणाजवळ बोलता येत नाही, आणि बोलले तरी त्र्यंबकेश्वरची ती दुपार ज्याने पाहिली नाही त्याला माझी अडचण कळणार नाही.

मार्चमध्ये सासूबाईंना 86 वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी त्यांनी माझा हात धरून सांगितले, की माझ्या वडिलांच्या आईकडची सगळी माणसे मला शोधून दे. सापडेल ते सगळे सांग, आणि फार वाईट काही असेल तर आधी चहा कर. नणंदेने लगेच ठरवून टाकले की नाताळात तो वंशवृक्ष चौकटीत बसवून आईला द्यायचा. मुलांनी अंग काढून घेतले आणि काम सुनेकडे आले. मला ते मनापासून आवडले, हे तुला सांगायला नको.

इथला शोध त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडील वंशावळीच्या वह्यांसारखाच गावावरून चालतो. गाव आणि आडनाव सांगितल्याशिवाय जशी वही निघत नाही, तसे इथे टाउनलँड माहीत नसेल तर पाऊल पुढे पडत नाही. टाउनलँड म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा, कधी पाचसहा घरांचा. देशभरात असे साठ हजारांहून अधिक आहेत. डिंगल द्वीपकल्पात एकेका आडनावाची इतकी घरे आहेत की टाउनलँड चुकले तर दुसऱ्याचेच पूर्वज आपले म्हणून पुजायची वेळ यावी. त्यात कागद थोडे. 30 जून 1922 रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील सरकारी दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत गेला, आणि एकोणिसाव्या शतकातील पहिल्या चार जनगणनांचे जवळजवळ सगळे कागद त्यात जळाले. 1881 आणि 1891 च्या जनगणना तर त्याआधीच, पहिल्या महायुद्धात कागदाची टंचाई पडली म्हणून, सरकारनेच रद्दीत लगद्यासाठी दिल्या होत्या. मला याचा राग येतो, सुलभा. शत्रूने जाळले तर समजू शकते. पण माणसांची नावे रद्दीत घालणारा हात कोणाचा असेल? कॅथलिक चर्चच्या वह्या मात्र आपापल्या पॅरिशमध्येच, म्हणजे स्थानिक चर्चकडेच, राहिल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या.

पाद्री लॅटिनमध्ये लिहीत. जेम्सचा याकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस, आणि आयरिश डर्मटचा चक्क येरेमियास. आपल्या वाड्यातल्या बंडूचे त्यांनी काय केले असते, या विचाराने मी वाचनालयात एकटीच हसले. पण एका गोष्टीसाठी मी त्या पाद्र्यांना हात जोडते: बाप्तिस्म्याच्या नोंदीत ते आईचे नाव तिच्या माहेरच्या आडनावासह लिहीत. आपल्या घरातल्या किती पणज्यांची माहेरची नावे आपल्याला सांगता येतील?

आता मूळ गोष्ट. सासूबाईंची आजी होनोरा 1894 च्या फेब्रुवारीत, लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात लग्न झालेली. लेंटमध्ये लग्ने होत नसत, म्हणून चातुर्मासाआधी आपल्याकडे उडते तशी घाई इथे फेब्रुवारीत उडे. होनोराची धाकटी बहीण मेरी अमेरिकेत गेली, आणि सासूबाईंच्या लहानपणी तिच्याकडून कपड्यांची पार्सले येत. निळ्या कोटाची गोष्ट तू आमच्या घरी दोनदा ऐकली आहेस.

1901 च्या जनगणनेत होनोराची आई विधवा, वय 58, दोन खोल्यांच्या गवती छपराच्या घरात राहते. तिला लिहिता येत नव्हते, म्हणून सहीच्या जागी फुली आहे आणि शेजारी पोलीस शिपायाची साक्ष. घरात मुलगी मेरी, वय 9. मी 1911 चा तक्ता उघडला तर त्यात म्हातारीचे वय 72! दहा वर्षांत चौदा वर्षांनी म्हातारी झाली, कारण मधल्या काळात सत्तरीनंतरचे सरकारी पेन्शन सुरू झाले होते आणि अर्ध्या आयर्लंडचे वय असेच वाढले होते. खरे वय पाहावे म्हणून मी तिचा बाप्तिस्मा शोधला. तो निघाला 1841 चा. म्हणजे मेरी जन्मली तेव्हा ही बाई पन्नास वर्षांची होती. त्या क्षणी मला शंका आली, आणि खरे सांगते, तिथेच थांबावे असेही वाटले.

मी थांबले नाही. 1864 पासून इथे जन्माची सरकारी नोंद सक्तीची आहे. 1891 च्या ऑगस्टमधील मेरीच्या नोंदीत वडिलांच्या रकान्यात एक आडवी रेघ आहे आणि आईच्या रकान्यात होनोरा. जन्मवेळी हजर असल्याचे सांगून फुली उमटवणारी हीच म्हातारी. ज्या हाताने तिने 1891 मध्ये खरे नोंदवले, त्याच हाताने दहा वर्षांनी नातीला मुलगी म्हणून लिहवून घेतले. चर्चच्या वहीत मेरीचा बाप्तिस्मा सरकारी जन्मतारखेच्या आठवडाभर आधीचा आहे. त्याने घाबरू नकोस, नोंदीची मुदत उलटली की दंड बसे, म्हणून लोक सर्रास तारीख पुढे ढकलून सांगत. बाप्तिस्म्यापुढे 'इल्लेगितिमा', म्हणजे अनौरस, हा शब्द लहान अक्षरात आहे. धर्ममाता म्हणून जिचे नाव आहे, ती तीन वर्षांनी होनोराची नणंद झाली. म्हणजे सासरी सगळे ठाऊक होते. हे वाचून मी बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिले.

मंगळवारी मी पॅरिशच्या कार्यालयात जाऊन मूळ वही पाहिली. तिथल्या बाईंनी उशीवर ठेवून ती उघडली. कडा तपकिरी, शाई गडद. मेरीच्या नोंदीच्या समासात वेगळ्या हाताने लिहिले आहे, की तिचे लग्न 1916 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डला झाले. 1908 नंतर लग्न जगात कुठेही झाले तरी ते बाप्तिस्म्याच्या वहीत कळवायचा चर्चचा नियम होता. निळा कोट स्प्रिंगफील्डहूनच आला होता. संशयाला जागा उरली नाही.

त्याच रात्री मी न्यूयॉर्कला उतरणाऱ्यांची यादी काढली. 1910, क्वीन्सटाउनहून निघालेले जहाज, मोलकरीण, वय 18. मायदेशी सर्वांत जवळचे नातेवाईक कोण, असा त्या यादीत एक रकाना असे. तिथे कारकुनाने तिला विचारून लिहिले आहे: 'आई', आणि पुढे होनोराचे सासरचे आडनाव. घरी अठरा वर्षे जो शब्द तिला तोंडावाटे काढता आला नसेल, तो तिने अनोळखी माणसाला सांगितला. सुलभा, मी तो शब्द बोटाने झाकला, पुन्हा पाहिला, आणि मला रडू आले.

आता मी काय करू? डोनल म्हणतो, आईचे वय पाहा, कशाला उकरतेस. सासूबाई आजही होनोराची जपमाळ उशाशी घेऊन झोपतात. वंशवृक्षात मेरीला होनोराची बहीण म्हणून लिहिले तर कोणीही विचारणार नाही, चौकट छान दिसेल. पण ते माझ्या हाताने होणार नाही. जहाजावरच्या त्या मुलीने सांगितलेला एकुलता एक शब्द मी खोडल्यासारखे होईल. आणि तरीही मी बोलायला घाबरते, कारण त्र्यंबकेश्वरच्या त्या दुपारी उपाध्यायांच्या वहीत तुझ्या आजोबांच्या नोंदीत निघालेले ते नाव मी जेवणाच्या पानावर सगळ्यांसमोर बोलून गेले होते आणि तू आठ महिने माझ्याशी बोलली नव्हतीस. तू तेव्हा म्हणाली होतीस, की तुला एखादी गोष्ट कळली की ती तुझीच होते. मला ते फार लागले होते. आज वाटते, तुझे बरोबर होते. पण तुझी आई नंतर मला काय म्हणाली, ते तुला मी कधी सांगितले नाही: कळले ते चांगलेच झाले ग, फक्त ते मला एकटीला कळायला हवे होते.

गेले पाच दिवस मी या वाक्याला धरून बसले आहे. सासूबाईंना एकटीलाच, चहा करून, जहाजाचा तो कागद दाखवावा, आणि वंशवृक्षात काय लिहायचे ते त्यांनीच ठरवावे, असे मनात येते. नणंदेला त्याआधी एक अक्षर कळू द्यायचे नाही. पण त्यांची नजर आता अधू झाली आहे. कागद मलाच वाचून दाखवावा लागेल, आणि तो शब्द शेवटी माझ्याच तोंडून जाईल. हे बरोबर की चूक, ते मला इथे कोणी सांगू शकत नाही.

अनिकेतच्या नोकरीचे काय झाले? तुझ्या मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. काकूंना नमस्कार. मेतकुटाचे पार्सल मिळाले, त्याबद्दल स्वतंत्र लिहीन.

पुढच्या रविवारी सासूबाई दुपारी आमच्याकडे येणार आहेत आणि डोनल सामन्याला जाणार आहे. हे पत्र आज स्कॅन करून पाठवते. कागद टपालाने येईलच. शनिवारी रात्रीपर्यंत फोन कर, कितीही वाजले तरी चालेल.

तुझी,
वसुधा