चित्रकलेच्या पोरांना कामाच्या दराचं कोटेशन लिहायला कोण शिकवणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी पुण्यात कमर्शियल आर्टिस्ट म्हणून काम करतो आणि आठवड्यातून दोन दिवस एका कला महाविद्यालयात शिकवायला जातो. तिथे फायनल इयरला एक मुलगी आहे, लेटरिंगचा हात एवढा सुंदर की बघत राहावं. मागच्या दिवाळीआधी तिने एका मिठाईवाल्याला बॉक्सचं डिझाइन करून दिलं, सहा दिवस बसली, अकरा वेळा चेंजेस केले, शेवटी मालक म्हणाले फाइल व्हॉट्सअ‍ॅप कर, हिने सरळ ओपन फाइल, म्हणजे कुणीही बदल करू शकेल अशी मूळ फाइल, पाठवली आणि पदरात पडले २ हजार रुपये. रेट कुणी ठरवला विचारलं तर म्हणे, "सर, त्यांनीच सांगितला, मला मागायला कसंतरी वाटलं." यंदा राखीला तेच डिझाइन नुसता कलर बदलून दुकानात लागलं, हिला साधा फोनसुद्धा नाही.

कँटीनमध्ये बसून वहीच्या मागच्या पानावर आम्ही हिशोब मांडला. सहा दिवस, प्रूफ बघायला प्रेसमध्ये दोन चकरा, विकत घेतलेला फॉन्ट, सगळं धरून काम १२ हजारांच्या खाली जात नव्हतं. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. भीड भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात, पण ही भीड मोडायची कशी हे चार वर्षांत आपण पोरांना शिकवलंच नाही, मग दोष तिचा कसा?

उद्योजकता म्हटलं की कॉलेजं एखादा मोटिव्हेशनल स्पीकर बोलावतात, तासभर स्टार्टअपच्या गोष्टी होतात, टाळ्या वाजतात. मला विचाराल तर त्याऐवजी एक सीए आणि एक प्रेसवाला बोलवा. कोटेशन कसं लिहायचं, ५० टक्के अ‍ॅडव्हान्स तोंडावर कसा मागायचा, किती चेंजेस फुकट आणि पुढे किती पैसे, कंपनीने बिलातून आधीच कापलेला १० टक्के टॅक्स, म्हणजे टीडीएस, उत्पन्न टॅक्सच्या मर्यादेखाली असेल तर रिटर्न भरून परत मिळतो, हे शिकवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशी लागतं, मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात. फोटोग्राफीच्या पोरांचं तर उलटंच आहे, पैसे घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळं काही ठरलं नसेल तर, पैसे देणारा असतो. हे किती जणांना माहितीये? छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, ती असली की समोरच्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांत बिल चुकवावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आमची पोरं सहा-सहा महिने "बघतो, करतो" ऐकत बसतात.

दादासाहेब फाळके मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टचेच विद्यार्थी. विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं, १९१३ ला चित्रपट पडद्यावर आणला, पुढे नाशिकला भागीदारांबरोबर कंपनी काढली पण भागीदारांशी पटलं नाही, आणि शेवटचे दिवस तंगीत गेले. एवढ्या मोठ्या माणसाला कलेने दगा दिला नव्हता, व्यवहाराने दिला. ही गोष्ट मी दर वर्षी पहिल्या वर्गात सांगतो, वर्ग गप्प होतो.

कला संचालनालयाला आणि विद्यापीठांना माझी कळकळीची विनंती आहे, फायनल इयरला हा विषय १०० मार्कांचा करा आणि पेपरऐवजी एका खऱ्या क्लायंटचं काम कोटेशनपासून बिल वसूल होईपर्यंत करून दाखवायला लावा. आमच्या कॉलेजात शनिवारी दोन तास मी हे घ्यायला तयार आहे, मानधन नको. फक्त मार्क धरा, मार्क नसलेल्या तासाला पोरं बसत नाहीत.

– एक कमर्शियल आर्टिस्ट, पुणे