हप्ता पुढे ढकलला म्हणजे लोन माफ होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत स्टुडंट लोन माफ झालं अशी बातमी आली की आमच्या सिडकोत लगेच चर्चा, आपल्या पोरांचं पण होईल का म्हणून. म्हणून हे पत्र.

माझी भाची तिकडचीच सिटिझन, सरकारी शाळेत टीचर आहे. तिथे 2007 पासून पीएसएलएफ नावाची स्कीम आहे, सरकारी किंवा ना-नफा संस्थेत फुलटाइम नोकरी करत 120 हप्ते भरले की उरलेलं फेडरल लोन, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारचं लोन, माफ. म्हणजे कमीत कमी 10 वर्षं. मधे तिच्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा तिने लोन कंपनीला फोन केला, तर त्यांनी सरळ फॉरबेअरन्स टाकून दिला, म्हणजे काही महिने हप्ताच नको. पोरीला वाटलं महिने मोजले जातायत. तिचा तरी काय दोष, कोविडमध्ये मार्च 2020 ते सप्टेंबर 2023 हप्ते बंद होते आणि अशा नोकरीवर असणाऱ्यांचे ते महिने 120 मध्ये धरले होते. पण ती खास सवलत होती हो! साध्या फॉरबेअरन्सचे महिने धरत नाहीत, व्याज मात्र चढतच राहतं. हे कळलं त्या दिवशी फोनवर रडली ती, मला काय बोलावं सुचेना.

खरं तर तिला उत्पन्नावर हप्ता ठरणारा आयबीआर प्लॅन सांगायला हवा होता. कमाई फारच कमी असली तर त्यात हप्ता शून्यसुद्धा येतो आणि तो महिना मोजला जातो. आता बायबॅक म्हणून एक सोय आहे, थांबवलेल्या महिन्यांचे पैसे नंतर भरून ते महिने मोजून घ्यायचे, पण ते धरून 120 पूर्ण होत असतील तरच.

आणि नाशिकहून स्टुडंट व्हिसावर गेलेल्या, इथल्या बँकेचं लोन घेतलेल्या मुलांना यातलं काहीच लागू नाही. आपल्याकडे बहुतेक बँका कोर्स अधिक 1 वर्ष मोरेटोरियम, म्हणजे हप्ते न भरण्याची मुदत, देतात, पण त्यातही व्याज चालूच असतं, जमीन किंवा फ्लॅट तारण ठेवणाऱ्या आईबापांना हे आधीच स्पष्ट सांगायला पाहिजे. बँकेत सही करण्याआधी मोरेटोरियम संपताना एकूण किती रक्कम उभी राहील ते लेखी मागून घ्या, आणि तुम्हीही अशी बातमी छापताना ती कोणत्या लोनची आहे एवढी एक ओळ खाली नक्की टाका, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक